बडोदा ते लंडन: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत लेक-जावई लंडनला असणं आता नवलाचं राहिलं नाही. पहिल्यांदा निघालेले आईवडील आधी विचारतात, "किती किलोमीटर?" नेटवर आकडा मिळतो, सुमारे 6,950. विमान ताशी 900 ने जातं म्हणे, म्हणजे पावणेआठ तास! इथेच गणित फसतं.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजलेलं असतं. मुंबईहून लंडनची अशी सरळ रेघ पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. मग वळसा आलाच. शिवाय बडोद्याच्या हरणी विमानतळावरून थेट लंडन नाही. अहमदाबाद, मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. तो वेळ त्या 6,950 मध्ये कुठे धरलाय?

दुसरी चूक तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी. दुपारी दीडला मुंबईहून सुटलं, संध्याकाळी साडेसहाला पोहोचलं, म्हणजे पाच तास? नाही हो. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून प्रवास साडेनऊ तासांचा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. घरी फोन किती वाजता करायचा, हेही त्यावरच ठरतं.

परतीचा प्रवास साधारण तासभर लवकर होतो. उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वारे पाठीशी असतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, आमच्याच घरातली. आमच्या आत्यांचं तिकीट 15 तारखेचं, रात्री 12.40 चं. आत्या 15 ला दिवसभर निवांत, शंकरपाळे तळून झाले, चकल्या डब्यात भरल्या, आणि रात्री जेवून निघायच्या तयारीत! विमान केव्हाच गेलेलं. 15 तारीख लागून चाळीस मिनिटांनी सुटणाऱ्या विमानासाठी 14 च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं असतं. तिकिटावर 00.40 असं दिसलं, की कॅलेंडरवर आदल्या दिवसाला गोल करा. आम्ही आता फ्रिजवर चिठ्ठीच लावतो: "14 ला रात्री नऊला विमानतळावर".

बडोदा-मुंबई आणि मुंबई-लंडन ही तिकिटं वेगवेगळी काढलीत, तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तरी दुसऱ्या कंपनीवर सहसा जबाबदारी येत नाही. सामानही मुंबईत घेऊन पुन्हा द्यावं लागतं. दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये काढा; नाहीतर आदल्या दिवशी रेल्वेने मुंबईला जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम टाका. आत्यांनी दुसऱ्या खेपेला तेच केलं, चकल्यांसकट.