यारो लावायचं असेल तर काळ्या मातीत नको, मुरमावर लावा

सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली, हाताला सवड नाही हे खरं, पण फुलझाडं लावायला हीच हवा बरोबर आहे. दोन-तीन जणांनी यारोचं विचारलं, कमी पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारं झाड आहे म्हणे, तर मला लावून जे समजलं ते सांगतो.

ऐकलं ते खरं आहे पण अर्धं. यारो थंड मुलखाचं, शेवंतीच्या कुळातलं झाड, हिमालयात काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत आपोआप उगवतं. मुळं जमिनीखाली आडवी पसरतात म्हणून एकदा जम बसला की आठ-दहा दिवस पाणी नाही भेटलं तरी तग धरतं. आपल्याकडे विदर्भात ते उन्हापेक्षा जास्त पावसाळ्यात मरतं. मी पहिल्यांदा चांगल्या काळ्या मातीत लावलं, शेणखत टोपलीनं टाकलं, मे महिना गोणपाटाच्या सावलीत कसाबसा निघाला आणि ऑगस्टच्या झडीत आठ दिवसात बुडापासून सडून गेलं. काळी माती पाणी धरून ठेवते, कपाशीला ते चालतं, याला नाही चालत.

म्हणून वावरातली बरड, मुरमाड जागा याच्यासाठी ठेवजा. तशी जागा नसेल तर फूटभर उंच वाफा करा, अर्धा मुरूम, बाकी माती आणि थोडी रेती. खत जवळपास नकोच, युरिया तर अजिबात नको, खत जास्त झालं की दांडे उंच वाढतात आणि लोळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचा पट्टा, पाऊस जास्त, तिथं सरळ कुंडीत लावा आणि झड लागली की कुंडी वळचणीच्या आत घ्या. जागा अशी पाहजा की सकाळचं ऊन पूर्ण भेटेल आणि दुपारनंतर भिंतीची नाहीतर झाडाची सावली येईल, कारण अकोला-चंद्रपूरचं ४५ डिग्रीचं ऊन त्याच्या मूळ गावी नसतं.

बी कोजागिरीनंतर टाका. लई बारीक असतं, मातीत दाबायचं नाही, वरच भुरभुरायचं, उगवायला उजेड लागतो. पाणी झारीनं नाही, फवाऱ्यानं द्या, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. १० ते १५ दिवसात उगवतं, रोपं हाताएवढी झाली की एक-दीड फुटावर लावा. कोणाकडे जुनं बेट असेल तर त्याचा तुकडा मागून आणा, ते बियापेक्षा सोपं आणि फुलाचा रंगही तोच राहतो. पहिले दोन महिने चार-पाच दिवसाआड पाणी, नंतर आठवड्यातून एकदा पण खोलवर. मे महिन्यात आठवड्याला दोनदा, संध्याकाळी. फुलं सुकली की दांडे बुडाशी कापा, दोन-तीन वर्षांनी बेट मधून पोकळ होतं तेव्हा खोदून, फोडून परत लावा.

मला हे झाड आवडायचं खरं कारण म्हणजे त्याच्या चपट्या फुलांच्या गुच्छावर ढालकिडे (लेडीबर्ड) आणि सिरफिड नावाच्या फुलांवरच्या माश्या येतात. ढालकिडे आणि त्या माशीच्या अळ्या पिकावरची मावा कीड खातात, म्हणून मी दोन बेटं भाजीच्या वाफ्याजवळच ठेवलीत. यानं फवारणी बंद होईल असं मी म्हणत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पांढरा यारो लांबून थेट गाजरगवतासारखा दिसतो, दोन्ही एकाच कुळातले. गाजरगवतानं ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी यारोला उघड्या हातानं शिवू नये, त्यांनाही तसंच होऊ शकतं. कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तरी त्रास होतो. आणि निंदणाला बाया येतील त्या दिवशी आधी बेटाभोवती चार काड्या रोवून लाल चिंधी बांधा, पान चुरगाळून वास दाखवा, पान शेपूसारखं बारीक आहे तेही दाखवा, माझी पहिली रोपं अशीच गाजरगवत समजून धुऱ्यावर उपटून पडली होती.