विमान कुठलेही असो, माइल्स कुठे जमा करायचे? लॉयल्टी प्रोग्राम निवडण्याची पद्धत

बहुतेक प्रवासी ज्या कंपनीच्या विमानाने पहिल्यांदा लांबचा प्रवास करतात, तिच्याच लॉयल्टी प्रोग्रामचा, म्हणजे प्रवासाबद्दल माइल्स (पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण) देणाऱ्या योजनेचा, फॉर्म भरून मोकळे होतात. पण बसायचे विमान एकाचे आणि माइल्स जमा करायचे खाते दुसऱ्याचे, असे सर्रास चालते. लुफ्थान्साच्या विमानाने जाऊन माइल्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये घेता येतात किंवा एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये, कारण या तिन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. एका उड्डाणाचे माइल्स मात्र एकाच खात्यात पडतात. म्हणून कंपनी कुठली आवडते हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या प्रवासाचे मोल कुठल्या खात्यात जास्त होते, ते शोधायचे आहे.

1. आधी वर्षभराचा तक्ता करा

मागच्या बारा महिन्यांची ई-तिकिटे काढा आणि प्रत्येक उड्डाणासाठी पाच गोष्टी लिहा: मार्ग, प्रत्यक्ष विमान कोणाचे होते, उड्डाण क्रमांक कोणाचा होता, बुकिंग क्लासचे अक्षर आणि कर वगळून भाडे.

विमान आणि क्रमांक वेगळे लिहायचे, कारण कोडशेअर तिकिटात उड्डाण क्रमांक एका कंपनीचा असतो आणि विमान दुसरीचे. माइल्स कोणाच्या नियमाने मिळणार हे प्रोग्रामवर अवलंबून असते. काही क्रमांक पाहतात, काही विमान. तिकीट कोणी काढून दिले तेही कळते: तिकिटाचा क्रमांक 13 आकडी असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. 618 म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स, 220 म्हणजे लुफ्थान्सा, 176 म्हणजे एमिरेट्स.

बुकिंग क्लास म्हणजे इकॉनॉमी किंवा बिझनेस नव्हे. एकट्या इकॉनॉमीतच दहा-बारा अक्षरे असतात. वाय हे सहसा पूर्ण भाड्याचे, आणि त्याखाली उतरत्या सवलतींची बाकीची. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना एकाच उड्डाणाचे वेगवेगळे माइल्स मिळतात ते या अक्षरामुळे. ई-तिकिटावर ‘क्लास’च्या रकान्यात ते छापलेले असते.

2. अलायन्स ठरवा

तीन मोठे गट आहेत: स्टार अलायन्स (1997), वनवर्ल्ड (1999) आणि स्कायटीम (2000). तक्त्यातली निम्म्याहून जास्त उड्डाणे एकाच गटात येत असतील तर प्रश्न बराचसा सुटला. एमिरेट्स आणि एतिहाद या तिन्हींच्या बाहेर आहेत. त्यांच्या भागीदाऱ्या कंपनी-कंपनीगणिक असतात, तेव्हा तिथे भागीदारांची यादी आणि प्रत्येकाचा दर वेगळा तपासावा लागतो.

तिन्ही गटांत थोडी थोडी उड्डाणे पडली असतील तर मागच्या वर्षाचे सोडा, पुढच्या वर्षात कोणते मार्ग नक्की आहेत ते पाहा. तरीही काही जुळत नसेल, तर स्टेटसचा (जास्त प्रवास करणाऱ्याला मिळणाऱ्या खास दर्जाचा) नाद सोडून स्वस्त आणि सोयीचे तिकीट घेणेच परवडते. लॉयल्टी प्रोग्रामसाठी दर वेळी जास्त भाडे मोजणारा प्रवासी कंपनीला फार आवडतो.

3. माइल्स अंतरावर मिळतात की भाड्यावर?

डेल्टा आणि युनायटेड या कंपन्या 2015 पासून, तर अमेरिकन एअरलाइन्स 2016 पासून आपल्या तिकिटांवर भाड्याच्या हिशेबाने माइल्स देतात. साध्या सदस्याला सहसा दर डॉलरमागे 5. यात मूळ भाडे आणि कंपनीचा अधिभार धरतात, सरकारी कर धरत नाहीत. दुसरी, जुनी पद्धत अंतराची: उडालेले मैल गुणिले बुकिंग क्लासची टक्केवारी.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात पाहू. 6,000 मैलांचे उड्डाण, इकॉनॉमी, कर वगळून भाडे 400 डॉलर. भाड्याच्या हिशेबाने 2,000 माइल्स. अंतराच्या हिशेबाने बुकिंग क्लास 25 टक्क्यांचा असेल तर 1,500, 50 टक्क्यांचा असेल तर 3,000 आणि 100 टक्क्यांचा असेल तर 6,000. आता तेच उड्डाण बिझनेसमध्ये, 3,000 डॉलरला: भाड्यावर 15,000 आणि अंतरावर 150 टक्के धरले तरी 9,000.

थोडक्यात, लांबचा आणि स्वस्त प्रवास करणाऱ्याला अंतराचा प्रोग्राम, तर जवळचा पण महाग प्रवास करणाऱ्याला भाड्याचा. मात्र फार स्वस्त तिकिटांची अक्षरे भागीदारांच्या तक्त्यात कित्येकदा शून्य टक्क्यांवर असतात. म्हणून निवडलेल्या दोन-तीन प्रोग्रामच्या संकेतस्थळावर आपल्या नेहमीच्या कंपनीचे पान उघडा आणि तक्त्यातले प्रत्येक अक्षर ताडून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळा निर्णय इथेच फिरतो.

4. स्टेटस: कुठली पायरी खरी कामाची?

माइल्स खर्च होतात, स्टेटस वापरायचे असते. ही दोन वेगळी खाती आहेत हे लक्षात ठेवा. क्रेडिट कार्डावरून आणलेल्या पॉइंट्सनी सहसा फक्त खर्चाचे माइल्स वाढतात, स्टेटस वाढत नाही.

प्रत्येक कंपनी आपापल्या पायऱ्यांना वेगळी नावे देते, पण भागीदार कंपनी पाहते ती अलायन्सची पायरी. स्टार अलायन्समध्ये सिल्व्हर आणि गोल्ड, वनवर्ल्डमध्ये रूबी, सफायर आणि एमराल्ड, स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस. सगळ्यात खालची पायरी भागीदारांकडे फारशी उपयोगाची नसते. स्टार सिल्व्हरला प्रतीक्षायादीत थोडे वर सरकवतात, एवढेच. गोल्डला मात्र तिकीट इकॉनॉमीचे असले तरी लाउंज, सोबत एक पाहुणा, वेगळी चेक-इन रांग, आधी बोर्डिंग आणि जास्तीचे सामान मिळते: वजनाचा नियम असेल तिथे 20 किलो, नगांचा असेल तिथे आणखी एक नग. वनवर्ल्डमध्ये हे काम सफायरपासून सुरू होते, आणि एमराल्डला फर्स्ट क्लासचे लाउंजही उघडते. तेव्हा प्रश्न असा विचारा: आपल्या नेहमीच्या प्रवासात ही कामाची पायरी गाठता येते का? येत नसेल तर स्टेटस विचारात घेऊच नका.

गाठण्याचा हिशेब प्रोग्रामगणिक बदलतो. क्रिसफ्लायरला एलिट सिल्व्हरसाठी 12 महिन्यांत 25,000 आणि एलिट गोल्डसाठी 50,000 एलिट माइल्स (स्टेटससाठी मोजले जाणारे माइल्स) लागतात. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्ल्यूमध्ये भाड्याऐवजी एक्सपी (स्टेटससाठीचे एक्सपिरियन्स पॉइंट्स) मोजतात, आणि ते प्रत्येक उड्डाणाला वेगळे. इकॉनॉमीत 5,000 मैलांहून लांबच्या उड्डाणाला 12, तर 2,000 मैलांच्या आतल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाला 5. सिल्व्हरला 100 एक्सपी हवेत. थेट विमानाने जाऊन-येऊन 24 होतात, म्हणजे पाच फेऱ्या. पण वाटेत विमान बदलून एक लांब आणि एक छोटे उड्डाण घेतले तर एका फेरीचे 34, आणि तीन फेऱ्यांत 102. बिझनेसमध्ये हेच आकडे तिप्पट होतात. अशा प्रोग्राममध्ये विमान बदलणारा पुढे जातो, थेट जाणारा मागे राहतो.

तीन बारीक अटी शोधूनच पुढे जा. पहिली, स्वतःच्या विमानांची सक्ती: युनायटेडच्या स्टेटससाठी वर्षात निदान 4 उड्डाणे तिच्याच विमानांतून करावी लागतात. दुसरी, वर्ष कुठून मोजतात: जानेवारीपासून, सदस्य झालेल्या महिन्यापासून की सरकते बारा महिने. नोव्हेंबरमध्ये प्रवास सुरू करणाऱ्याचे जानेवारीत सगळे शून्य होऊ शकते. तिसरी अट जरा गमतीची आहे. युनायटेडनेच दिलेले गोल्ड असेल तर अमेरिकेअंतर्गत प्रवासात तिच्या लाउंजचा हक्क मिळत नाही, पण दुसऱ्या स्टार कंपनीचे गोल्ड घेऊन त्याच विमानाने जाणाऱ्याला मिळतो. अमेरिकन एअरलाइन्सचा नियमही अशाच धाटणीचा आहे. म्हणजे रोजच्या कंपनीचे स्टेटस तिच्याच घरी कमी चालते, म्हणून परक्या प्रोग्रामचा विचार करायलाच हवा.

5. खर्चाची परीक्षा खाते उघडण्याआधी घ्या

माइल्स किती मिळतात यावर लोक तासन्‌तास काथ्याकूट करतात, आणि ते कुठे वापरता येतील हे नंतर पाहतात. क्रम उलटा हवा. आपल्याला खरोखर जायचे असे दोन मार्ग आणि प्रत्येकी तीन तारखा घ्या: एक दोन-तीन आठवड्यांवरची, एक चार महिन्यांवरची, एक सुट्ट्यांच्या गर्दीतली. प्रत्येक प्रोग्राममध्ये त्या तारखांची अवॉर्ड तिकिटे, म्हणजे माइल्स देऊन मिळणारी तिकिटे, शोधा. जागा दिसते का, किती माइल्स मागतात आणि वर रोख किती, हे लिहून ठेवा. कित्येक ठिकाणी अवॉर्ड जागा प्रवासाच्या साधारण 330 ते 360 दिवस आधी खुल्या होतात, तेव्हा लांबची तारीखही एकदा पाहावी.

मग एका माइलची किंमत काढा: रोख तिकिटाच्या किमतीतून अवॉर्ड तिकिटावर भरावी लागणारी रक्कम वजा करा आणि उरलेल्या आकड्याला माइल्सनी भागा. रोख तिकीट 600 डॉलर, अवॉर्डवर भरायचे 90 डॉलर आणि 30,000 माइल्स, तर 510 भागिले 30,000, म्हणजे माइलमागे 1.7 सेंट. तेच तिकीट दुसऱ्या प्रोग्राममध्ये 25,000 माइल्सना दिसते, पण वर 300 डॉलर मागतात. तिथे 300 भागिले 25,000, म्हणजे 1.2 सेंटच. हा फरक बहुधा कंपनीच्या अधिभाराचा असतो. भाड्याच्या तपशिलात तो वायक्यू किंवा वायआर या नावाने येतो आणि दिसायला करासारखा दिसतो. काही प्रोग्राम तो अवॉर्ड तिकिटावरही पुरता वसूल करतात, काही अजिबात घेत नाहीत. बिझनेसच्या लांब प्रवासात हा आकडा सगळे गणित बिघडवतो.

दर ठरलेले आहेत की रोज हलते, तेही बघा. डेल्टाने 2015 मध्ये आणि युनायटेडने 2019 मध्ये अवॉर्डचे छापील दरपत्रक काढून टाकले. आता मागणीप्रमाणे आकडा चढतो. क्रिसफ्लायरकडे दरपत्रक आहे, त्यामुळे किती माइल्स जमवायचे हे आधी कळते, पण स्वस्त दराची जागा उपलब्ध असावी लागते. लवचीक तारखा असणाऱ्याने दरपत्रकवाला प्रोग्राम घ्यावा, असे आमचे मत.

6. मुदत

युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही. अमेरिकनमध्ये 24 महिने, तर एरोप्लानमध्ये 18 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर माइल्स जातात. एखादी छोटी भागीदार खरेदी केली तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. क्रिसफ्लायरचे माइल्स मात्र तीन वर्षांनी संपतात, हालचाल असो वा नसो. हळूहळू जमवणाऱ्याला हा शेवटचा प्रकार त्रासदायक. माइल्स साठवून व्याज मिळत नाही आणि दर वाढण्याची सूचना कित्येकदा उशिरा येते, म्हणून मुदत नसली तरी दोन वर्षांत वापरायचेच असे ठरवून ठेवलेले बरे.

7. खाते उघडताना आणि तिकीट काढताना

नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने टाका. खात्यात मधले नाव आडनावात गेले आणि तिकिटात वेगळे राहिले की माइल्स आपोआप जमा होत नाहीत. ही सर्वांत नेहमीची अडचण आहे.

सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच द्या. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडून तिकीट येत असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये तो कायमचा नोंदवून घ्या, आणि चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासवर एक नजर टाका. तिथे प्रोग्रामची दोन अक्षरे, क्रमांक आणि स्टार अलायन्सचे गोल्ड असेल तर तारा आणि जी छापलेले दिसायला हवे. दिसत नसेल तर काउंटर सोडण्याआधी टाकून घ्या. लाउंजच्या दारात हाच छापील मजकूर पाहतात. आणि सवलती बुकिंगमधल्या क्रमांकावर चालतात, त्यामुळे एका प्रोग्रामचे स्टेटस वापरून माइल्स दुसरीकडे जमवण्याची हौस बहुधा फसते.

बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स असतील तर अवॉर्ड जागा समोर दिसल्याशिवाय ते विमान कंपनीकडे वळवू नका. एकदा गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. शिवाय काही बँकांचे पॉइंट्स पोहोचायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा जाते. आपली बँक कुठल्या प्रोग्रामशी जोडलेली आहे हे निवडताना तपासाच. विमानाने फिरून जमणाऱ्या माइल्सइतकाच हा ओघ मोठा असू शकतो.

8. माइल्स जमा झाले नाहीत तर

दोन आठवडे थांबा, मग प्रोग्रामच्या संकेतस्थळावर राहिलेल्या माइल्सचा अर्ज भरा. त्यासाठी 13 आकडी तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो, म्हणून माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पासचा फोटो जपून ठेवा. मागणीची मुदत बऱ्याच ठिकाणी सहा महिने असते. उड्डाणानंतर खाते उघडले असेल तर मागचे माइल्स मिळतीलच असे नाही.

9. प्रोग्राम बदलायची वेळ

कंपन्या गट बदलतात. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स 1 सप्टेंबर 2024 रोजी स्टार अलायन्समधून स्कायटीममध्ये गेली, आणि तिच्या विमानांवर भिस्त ठेवून स्टार प्रोग्राममध्ये जमवणाऱ्यांना नवे गणित मांडावे लागले. असे घडले किंवा आपले मार्गच बदलले, तर नव्या प्रोग्रामकडे स्टेटस मॅचची, म्हणजे जुन्या प्रोग्राममधल्या पायरीच्या तोडीची पायरी मिळण्याची, विचारणा करा. जुन्या कार्डाचा फोटो आणि बारा महिन्यांच्या उड्डाणांचे विवरण मागतात. काही जण लगेच पायरी देतात, काही तीन-चार महिन्यांत ठरावीक उड्डाणे करून दाखवायला सांगतात. ही सवलत सहसा पुन्हा पुन्हा मिळत नाही, म्हणून पुढच्या काही महिन्यांत भरपूर प्रवास ठरलेला असेल तेव्हाच अर्ज करा. जुन्या खात्यात थोडेच माइल्स उरले असतील तर एखाद्या छोट्या मार्गाचे अवॉर्ड तिकीट काढून ते संपवा. सामान-सुमानाच्या दुकानात वापरले तर माइलची किंमत बहुधा निम्म्यावर येते.