ट्रॅमाडॉल लिहून दिलीय? मग घरात एवढं बघाच

गुडघ्याचं, मणक्याचं ऑपरेशन झालं की घरी सोडताना बऱ्याचदा ट्रॅमाडॉल लिहून देतात. गोळी चांगली आहे, जोराचं दुखणं दाबते आणि माणूस उठून चालायला लागतो, पण ही ओपिऑइड आहे, अफूच्या गोत्रातली, डोकं दुखलं की खायची गोळी नव्हे.

आधी स्ट्रिप उलटी करून वाचा. 37.5 आणि 325 असं असलं तर त्यात 325 एमजी पॅरासिटामॉल आहेच, मग कणकण वाटली म्हणून वरनं परत तापाची गोळी घेतली की लिव्हरवर लोड. एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची नाही, चावायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. मोठ्या माणसालाही दिवसाला 400 एमजीच्या वर नाही, वयस्कर आणि किडनीवाल्यांना त्याहून कमी, म्हणून चिठ्ठीवर आहे तेवढीच, रात्री कळ आली तरी मनानं अजून एक नाही.

झोपेची गोळी, डिप्रेशनची गोळी, कधी फिट आलेली, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर फिट येऊ शकते. आणि दारू अजिबात नको, तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणाला कोण कितीबी आग्रह करू दे, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आपल्याकडं तालमीतल्या पोराची कंबर धरली की घरातली उरलेली गोळी लगेच पुढं करतात, तेवढं कृपा करून करू नका. बारा वर्षांखालच्या पोरांना तर नाहीच, अंगावर पाजणाऱ्या बाईलापण नको. 2018 पासून ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, त्यामुळं मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, रजिस्टरला नाव लिहितो, त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो बरोबर करतोय.

मळमळ, बद्धकोष्ठ होतं, पाणी भरपूर प्या, नाही जमलं तर डॉक्टरांकडनं औषध घ्या. चक्कर येते म्हणून गाडी चालवायची नाही आणि म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठलं की सोबत जा.

बरेच दिवस चालू असली तर एकदम बंद करू नका, घाम, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. दुखणं थांबलंय तरी गोळी हवीशीच वाटतेय असं झालं तर लाजू नका, तेच त्यांना सांगा.

हलवून उठत नाही, श्वास मंद, ओठ निळसर किंवा फिट, यातलं काही दिसलं की 108 लावा नाहीतर जवळच्या दवाखान्यात, कोल्हापुरात असला तर सीपीआर हॉस्पिटलला न्या, आणि स्ट्रिप बरोबर घ्या, किती गोळ्या गेल्यात ते तिच्यावरनंच कळतं.