एलएलएमचा फॉर्म भरण्याआधी एक प्रश्न शोधा

एलएलबीनंतर चार वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले करार तपासत होतो. पाचव्या वर्षी एलएलएमसाठी, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, अर्ज केला. उद्देशपत्रात लिहिलं, ‘कायद्याचं सखोल ज्ञान मिळवण्यासाठी.’ नकार आला, आणि यायलाच हवा होता. सखोल म्हणजे कशाचं?

म्हणून विद्यापीठांच्या याद्या नंतर काढा. आधी गेल्या दोन वर्षांतली आपली कामं समोर घ्या. कुठल्या मुद्द्यावर अडलात, सीनियरना विचारलंत आणि त्यांनाही धड सांगता आलं नाही? माझा मुद्दा लवादाचा, म्हणजे न्यायालयाबाहेर त्रयस्थाकडून वाद सोडवून घेण्याचा होता. एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातलं न्यायालय कधी धुडकावू शकतं?

मुद्दा ठरला की जागा आपोआप कमी होतात. हवाई आणि अवकाश कायदा असेल तर नेदरलँड्समधलं लायडन पाहावंच लागतं. सागरी कायद्यासाठी माल्टात आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) 1988 मध्ये काढलेली संस्था आहे. माहितीपत्रकातले सगळे ऐच्छिक विषय दरवर्षी चालतातच असं नाही. यंदा कुठले चालणार, हे विभागाला ईमेल करून विचारा. मी विचारलं नव्हतं. ज्यासाठी गेलो तोच पेपर त्या वर्षी बंद.

दुसऱ्या देशात वकिली करायची असेल तर आणखी एक तपासा. एलएलएम म्हणजे सनद नव्हे. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवीधरांना किमान 24 क्रेडिटची, ठरावीक विषय असलेली एलएलएम करून बार परीक्षेचा रस्ता मिळू शकतो, पण तिथेही आपली मूळ पदवी आधी तपासून घ्यावी लागते. हे प्रवेशानंतर करायचं काम नाही.

खरी कसोटी प्रबंधाची. माझं पहिलं शीर्षक होतं ‘आंतरराष्ट्रीय लवाद आणि सार्वजनिक धोरण’. मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, “कलम कुठलं?” मी 1958 च्या न्यूयॉर्क कराराचं, म्हणजे परदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, पाचवं कलम सांगितलं. “त्यातलं काय?” पोटकलम दोन, खंड बी: निवाडा आपल्या देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तर न्यायालय तो नाकारू शकतं. “कुठली न्यायालयं? कुठल्या वर्षांतली?” अर्ध्या तासाने शीर्षकाच्या जागी प्रश्न उरला: लाच देऊन मिळवलेल्या करारावरचा निवाडा अमलात आणताना दोन देशांची न्यायालयं लाचेचा पुरावा स्वतः नव्याने तपासतात, की लवादाने काढलेला निष्कर्ष मान्य करतात?

मग एक तक्ता केला. प्रत्येक निकालाला एक ओळ. रकाने चार: तारीख, आक्षेप, न्यायालय काय म्हणालं, आणि प्रत्यक्षात काय केलं. शेवटच्या दोन रकान्यांत बऱ्याचदा मेळ नसायचा. तिथेच प्रबंध सापडला. तुमचा विषय करकायदा असो की पर्यावरण, हे दोन रकाने वेगळेच ठेवा.

शिफारसपत्र दीड महिना आधी मागा, आणि देणाऱ्याच्या हातात एक पान द्या: कुठल्या प्रकरणात तुम्ही काय मसुदा केला, त्यातलं काय टिकलं. नाहीतर ते लिहितात ‘कष्टाळू आणि प्रामाणिक’, आणि निवड समितीपुढच्या प्रत्येक अर्जात तेच असतं.