शेंगांच्या टरफलांनी पाण्यातला तांबं कसा काढायचा

इंदूरला थंडीत राजवाड्यावर भाजलेल्या शेंगा खाल्ल्या की टरफलं फेकू नका, पोरांच्या सायन्स प्रोजेक्टला भारी कामाची आहेत. टरफलातल्या सेल्युलोज-लिग्निनवर (टरफल ज्या पदार्थांचं बनलेलं असतं ते) असे रासायनिक गट असतात की तांबं, शिसं यांचे आयन (विद्युतभार असलेले कण) त्यांना चिकटतात, बस एवढंच.

टरफलं धुवून दोन-तीन दिवस गच्चीवर कडक वाळवा, मिक्सरला फिरवा (आईला विचारून, माझ्या घरी यावरून महाभारत झालंय) आणि चाळा. मग भुकटी गरम पाण्यात परत परत धुवायची, आधी चहासारखं पाणी निघतं, ते नितळ येईपर्यंत धुवा नाहीतर रंगामुळे रिझल्टच कळत नाही. पुन्हा वाळवा.

आता अर्धा लिटर पाण्यात पाव ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट, यातच तांबं असतं) विरघळवा, हातमोजे घालून. त्यातल्या १०० मिलीत १ ग्रॅम भुकटी टाकून तासभर ढवळा, मग गाळा. मूळ पाणी आणि गाळलेलं, दोन्हीत थोडा अमोनिया घाला, उघड्या खिडकीपाशी. अमोनिया तांब्याला भेटला की निळा रंग येतो, म्हणून मूळचं जास्त निळं होतं, गाळलेलं फिकं, म्हणजे त्यात तांबं कमी उरलं.

लिंबू पिळू नका, आम्लात हायड्रोजन आयनच जागा अडवतात. आणि सोडा घातला तर तांबं आपोआप खाली बसतं, मग श्रेय उगाच टरफलांना.

वापरलेली भुकटी कुंडीत नको, त्यात तांबं आहे, वेगळ्या डब्यात बंद ठेवा. आणि बोअरिंगचं पाणी असं गाळून प्यायचं नाही हं, पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, ती डोळ्यांना दिसत नाही, लॅबलाच दाखवा.