ट्रक किती ओढेल? आधी दार उघडून बघा

‘काका, माझा पिकअप ट्रक साडेअकरा हजार पौंडांचा ट्रेलर ओढतो,’ असं इथे अमेरिकेत कुणी सांगितलं की मी आधी त्याला ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायला लावतो. दाराच्या चौकटीवर एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. टायरमध्ये हवा किती भरायची ते त्यावर असतं, म्हणून लोक तो टायरचाच समजून सोडून देतात. त्याच स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा तुमचा पेलोड. साडेअकरा हजार हा जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या कुठल्यातरी एका ट्रकचा. स्टिकरवरचा आकडा मात्र तुमच्याच ट्रकचा, सनरूफ आणि गुबगुबीत सीटांचं वजन वजा करून आलेला. नंतर तुम्ही बसवलेलं बेडचं, म्हणजे मागच्या हौद्याचं, झाकण, पायऱ्या हे सगळं त्यातूनच आणखी वजा करायचं.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असं नाही. ट्रक किती ओढतो ते कसं मोजायचं, याचं एसएई जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे. टोयोटानं ते २०११च्या मॉडेलांपासून सगळ्यांत आधी पाळलं, बाकीचे मागाहून आले. ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ आहे. तो रणरणत्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न येता चढून दाखवावा लागतो. परीक्षा कडक आहे, वाद नाही. पण त्यात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. आपल्या घरची ट्रिप दोन माणसांची कधी होते का?

आता हिशेब करू. आमच्या ह्यूस्टनकडे बहुतेकांकडे असतो तसा चार दारांचा हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला, ट्रक धरा, स्टिकरवर १,५२० पौंड. गार्नर स्टेट पार्कला जायचंय. नवरा, बायको, शाळकरी मुलगा आणि कराडहून आलेले आजी-आजोबा मिळून ७०५ पौंड. ड्रायव्हरसुद्धा यात धरायचा, तो हवेत बसत नाही. मागे कूलर, खुर्च्या, छोटा जनरेटर, आजींनी बांधून दिलेला डबा असं १८० पौंड. हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याचं, लोखंड ९०. झाले ९७५. उरले ५४५.

या ५४५ पौंडांत बसवायचं ते ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे ट्रेलरची दांडी हिचच्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) जेवढा भार टाकते तेवढा. बंपरमागे जोडायच्या ट्रेलरला हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मी हिशेबाला १३ धरतो. ५४५ भागिले ०.१३, म्हणजे साधारण ४,२०० पौंड. इंजिन साडेअकरा हजार ओढेल, पण या पाच जणांना घेऊन हा ट्रक ४,२०० पौंडांच्या वरचा ट्रेलर नियमात राहून नेऊ शकत नाही.

टंग वेट कमी केलं की झालं, असं एक जण मला मोठ्या हुशारीनं म्हणाला होता. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवलं की बॉलवरचा भार कमी होतो, हे खरंच. पण गावाकडे बैलगाडी भरणाऱ्याला विचारा. गाडी उलाळ झाली की जू मानेवरून उचललं जातं, धुरजड झाली की बैल दबतो. इथे उलाळ झालेला ट्रेलर आय-१० हायवेवर ताशी ६५ मैलांच्या वेगात शेपटी हलवायला लागतो आणि मग ट्रकलाच हलवतो. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, साठ टक्क्यांच्या आसपास. डोलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट करू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

ट्रेलरचं वजन कुठलं धरायचं? ब्रोशरमधलं ‘ड्राय वेट’ मुळीच नको. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, पुष्कळदा बॅटरी आणि गॅसच्या टाक्याही नाहीत. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात स्टिकर असतो, त्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन, घ्या. खरेदीआधी तोच एक आकडा विश्वासाचा.

मग हिच. वाकून ट्रकच्या मागे खाली बघा. रिसीव्हरवर, म्हणजे त्या चौकोनी नळीवर, लेबल असतं आणि त्यावर आकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली साध्या बॉल माउंटसाठी (नळीत घालायचा, बॉल बसवलेला दांडा), दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी. अनेक हाफ-टन ट्रकांवर पहिली जोडी ५,००० आणि ५०० अशी असते: ट्रेलर ५,०००, टंग ५००. म्हणजे आपला ४,२०० पौंडांचा ट्रेलर पाच हजारांच्या आत असूनही ५४५च्या टंगमुळे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावावाच लागतो. तो ताणलेल्या दांड्यांच्या जोरावर मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो. दुकानदार काहीही म्हणो, त्यानं पेलोडचा स्टिकर बदलत नाही.

हिचचे क्लास एक ते पाच असतात. क्लास एक २,००० पौंडांपर्यंत, दोन ३,५०० पर्यंत, पुढचे त्याहून वरचे. पिकअपला सहसा तीन किंवा चार येतो, दोन इंची नळीचा. क्लास पाच विकत आणून बसवला म्हणून ट्रकची ताकद वाढत नाही. रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरच्या दांडीचं टोक) आणि ट्रक यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तीच तुमची मर्यादा.

बॉलवर जरा थांबतो, कारण घोटाळे इथेच होतात. दोन इंची आणि २ ५/१६ इंची बॉल लांबून सारखेच दिसतात. माप आणि वजनाचा आकडा बॉलच्या डोक्यावर कोरलेला असतो. ग्रीस पुसा आणि वाचा. मोठ्या मापाचा कपलर दोन इंची बॉलवर बसतो, खटका लागतो, पिनही जाते. पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येतो. म्हणून खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक पुन्हा फिरवून दांडी वर उचलायची. ट्रकचा मागचा भाग बरोबर उचलला गेला पाहिजे. ट्रक हलला नाही आणि कपलर एकटाच वर आला, तर सगळं सोडून पुन्हा जोडा. साखळ्या दांडीखालून फुली मारून. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला अडकवू नका, थेट ट्रकला अडकवा.

ब्रेकचा कायदा राज्यागणिक वेगळा. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरला १,५०० पासूनच. तिकडे ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादाही ५५ मैल आहे.

शेवटी कागद बाजूला ठेवून वजन करा. लव्ह्ज किंवा पायलटसारख्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा, असतो. घरातली सगळी माणसं बसवून, टाकी भरून जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं तीन वेगळ्या पट्ट्यांवर येतील अशी गाडी लावा. एकदा वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या दांड्या ताणून, एकदा सैल करून, एकदा ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. दांड्या सैल असतानाचं ट्रकच्या चारही चाकांवरचं वजन, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. दांड्या ताणलेल्या पावतीवरचा मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या मागच्या जीएडब्ल्यूआरशी, म्हणजे त्या ॲक्सलच्या कमाल भाराशी, ताडून बघा.

जास्त भरला, तर आधी ट्रेलरची पाण्याची टाकी बघा. ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांच्या वर, आणि कॅम्पग्राउंडवर नळ असतोच. फक्त टाकी ट्रेलरच्या चाकांच्या मागे असेल तर ती रिकामी केल्यावर बॉलवरचा भार उलट वाढतो, तेव्हा पुन्हा एक फेरी स्केलवरून मारा.