सड्यावरचे गवत कापण्याआधी बियाण्याचा पट्टा राखा

दसऱ्यानंतर सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळी माळावर, आणि वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारांवर गवतकापणी सुरू होते. विळा लावण्याआधी दोन-तीन गुंठ्यांचा पट्टा बियाण्यासाठी बाजूला काढा.

सरसकट कापणी आणि मोकाट चराई चालते त्या सड्यावर मारवेल, पवना, शेडा ही गोड गवते विरळ होतात आणि कुसळी माजते. गोड गवत गुरे आधी खातात. उरलेले गवत बी पिकण्याआधीच भाऱ्यात जाते. कुसळे धरल्यावर कुसळीला मात्र गुरे तोंड लावत नाहीत. तिच्या कुसळाला पीळ असतो. ओल-ऊन मिळेल तसा तो सुटतो, आवळतो आणि बी मातीत खुपसतो. म्हणून वणवा गेला तरी ते शाबूत राहते.

पट्ट्यासाठी निदान वीतभर माती असलेली जागा घ्या. उघड्या कातळावरचे गवत परतीचा पाऊस थांबताच वाळते आणि दाणे फोल राहतात. कुसळी व रानमोडी हे झुडपी तण आत्ताच उपटा. रानमोडी थंडीत फुलली की तिचे बी वाऱ्यावर सगळीकडे जाते. मग भरपूर फुटव्यांचे, पानाळ, तांबेरा नसलेले आणि शेजारचे पिवळे पडले तरी हिरवे राहिलेले ठोंब हेरून त्यांना रंगीत चिंध्या बांधा. मारवेलमध्ये ही निवड विशेष फळते. त्याचे बी बहुतांशी संकर न होताच धरते, त्यामुळे रोपे मूळ ठोंबासारखीच येतात. निवडलेल्या ठोंबांचे बी वेगळे ठेवा.

गवताचे बी एकदम पिकत नाही. कणसाचे टोक झडू लागते तेव्हा बूड हिरवेच असते. एकाच दिवशी कापलेत तर निम्मे गळून गेलेले आणि निम्मे कोवळे मिळेल. दव उडाल्यावर कणसे मुठीत धरून वर ओढा. पिकले तेवढे हातात येते. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा असे करा. थोडे तळहातावर चोळून पाहा, दाणा नखाला कडक लागला पाहिजे. पोकळ कुसांनी पोते फुगते, रान उगवत नाही.

बी सावलीत पातळ पसरून चार-पाच दिवस हलवत सुकवा, मग कापडी पिशवीत भरा. पिशवीवर गवताचे नाव, जागा आणि महिना लिहा. किनाऱ्यावरची दमट हवा बियाण्याची खरी वैरी, म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ताजे बी उगवले नाही म्हणून फेकू नका, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा आणि कमी आली तर बियाणे वाढवा.

पेरणी जूनमध्ये, पाऊस धरल्यावर. हलके बी उडते, म्हणून चार-पाच पट भुसभुशीत माती मिसळा आणि उताराला आडव्या, उथळ रेघा ओढून टाका. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बहुधा वर येत नाही. जिथे बी वाहून जाते तिथे मारवेलचे ठोंबच 45 × 30 सेंटिमीटरवर लावा. मधल्या ओळीत स्टायलो हे द्विदल चारापीक घ्या. त्याचे कवच कठीण असते, त्यामुळे बी 80 अंश सेल्सिअस पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून मग पेरा. पहिल्या पावसाळ्यात गुरे आत सोडू नका.

संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला हे काही लागू नाही. ते बी धरत नाही, त्याची दोन डोळ्यांची कांडीच लावावी लागते.

बाकीचे गवत निम्मे फुलोऱ्यात असताना, 10 सेंटिमीटर बूड राखून कापा. पिकल्यावर त्यातली प्रथिने निम्म्यावर येतात. काडी पिळल्यावर कडकन मोडेपर्यंत उडवी रचू नका. ओले रचले की आतून तापते आणि बुरशी धरते. पट्ट्याभोवतीचे तीन मीटर गवत डिसेंबरअखेर साफ करून जाळपट्टा काढा, फेब्रुवारीत वणवे लागू लागल्यावर वेळ मिळत नाही.